बाणाच्या शेपटाला दिवा : शिकार, उजेड आणि जबाबदारी

उर्दूत ‘सूफार’ असा एक शब्द आहे. फारसीतून आलेला. बाणाच्या मागच्या टोकाला जी खाच असते, जिच्यात धनुष्याची दोरी बसते, ती खाच म्हणजे सूफार. अरबीत तिला ‘फूक’ म्हणतात. जुन्या शायरांना ही खाच अर्धवट उघडलेल्या ओठांसारखी दिसायची. आज हा शब्द शब्दकोशात पडून आहे, कारण धनुष्यच हातातून गेलं. वर्गात तो आला की फळ्यावर बाण काढून दाखवावा लागतो.

आता याच सूफारमध्ये दिवा बसवतात. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणं कायदेशीर आहे. हंगाम, परवाना, वेळ, सगळं ठरलेलं असतं. तिथल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ आपल्या पोरांच्या मोबाइलपर्यंत पोहोचले आहेत. संध्याकाळच्या धूसर उजेडात एक लाल किंवा हिरवी रेघ सुटते, हरणाच्या अंगातून आरपार जाते आणि पलीकडच्या गवतात निखाऱ्यासारखी चमकत राहते. पोरांना वाटतं, भारी आहे. तिथल्या शिकाऱ्यांमध्ये मात्र या दिव्यावरून अनेक वर्षं वाद झाला. काही म्हणाले, हा दिवा वापरलाच पाहिजे. काही म्हणाले, धनुष्याला वीज लावली की ती शिकार राहत नाही.

मांजरसुंब्यात बसून या वादाशी आपलं काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. आपल्या देशात वन्यप्राण्यावर बाण चालवणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण मला हा वाद इतिहासाचा वाटतो. शिकाऱ्याने उजेड वापरावा का, हा प्रश्न एलईडीपेक्षा फार जुना आहे. तो अकबराच्या दरबारात होता, फिकहच्या ग्रंथांत आहे, रामायणाच्या एका कथेच्या पोटात आहे आणि आपल्या १९७२ च्या कायद्यातही होता. बालाघाटाच्या माळावर हातात बॅटरी घेऊन रात्री फिरणाऱ्या पोरांसाठी तर तो आजचा प्रश्न आहे.

हा दिवा नेमकं काय करतो?

आधी वस्तू समजून घेऊ. ही खाच प्लास्टिकची असते. आत एक एलईडी आणि छोटीशी लिथियम बॅटरी. बाण सुटताना दोरीचा जो धक्का बसतो, त्याने आतलं बटण दाबलं जातं आणि दिवा लागतो. बाण धनुष्यावर चढवलेला असताना दिवा बंदच असतो. साध्या खाचेचं वजन दहाएक ग्रेन, हिचं वीस-पंचवीस ग्रेन. एका ग्रॅममध्ये साधारण १५ ग्रेन बसतात, म्हणजे फरक जेमतेम एका ग्रॅमचा. तरी बाणाचं शेपूट जड होतं म्हणून तोल पुन्हा साधावा लागतो.

आजच्या कंपाउंड धनुष्यातून बाण सेकंदाला ३०० फुटांच्या आसपास वेगाने जातो. तो नेमका कुठे लागला हे डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सूर्यास्तानंतर सुमारे अर्धा तास शिकारीला मुभा असते आणि हरणं बाहेर पडतात ती नेमकी त्याच वेळी. बाण लागलेलं हरीण जागेवर पडत नाही. ते धावत सुटतं, झाडीत शिरतं. मग शिकाऱ्याच्या हातात पुरावा एकच उरतो, तो म्हणजे बाण. बाणावरचं रक्त फेसाळ आणि गुलाबी असेल तर फुप्फुसाला लागलं, जनावर जवळच पडलं असणार. रक्त काळपट असेल तर यकृताला लागलं, काही तास थांबायचं. बाणाला हिरवट घाण लागली असेल तर पोटात लागलं. अशा वेळी लगेच मागे धावलं तर जखमी जनावर आणखी दूर पळतं आणि कुठेतरी तडफडून मरतं. म्हणून जाणते शिकारी रात्रभरसुद्धा थांबतात आणि मग माग काढतात.

थोडक्यात, बाण हा साक्षीदार आहे. तो सापडला नाही तर शिकारी अंदाजाने वागतो आणि त्या अंदाजाची किंमत जनावर मोजतं. दिव्याची खाच हा साक्षीदार शोधून देते. तिच्या बाजूने मांडला जाणारा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

विरोध करणारे कोण होते?

विरोध करणारे अडाणी नव्हते. त्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल.

१९११ साली कॅलिफोर्नियात ओरोविल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. तो याही जमातीचा होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याची जमात कापून काढली होती, तो शेवटचा उरला होता. आपलं नाव त्याने सांगितलं नाही. लोक त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवलं. तिथल्या इस्पितळातले डॉक्टर सॅक्सटन पोप त्याच्यावर उपचार करायचे. इशीकडून पोप धनुष्य बनवायला, बाण घडवायला, जनावराच्या जवळ जायला शिकले. १९१६ साली इशी क्षयाने गेला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं. पोप आणि त्यांचे साथीदार आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये ‘पोप अँड यंग क्लब’ स्थापन झाला. धनुष्याने केलेल्या शिकारीच्या नोंदी ठेवणारी ही तिथली मोठी संस्था.

या क्लबचा नियम असा होता की धनुष्याला किंवा बाणाला विजेवर चालणारं कोणतंही साधन जोडलेलं असेल तर त्या शिकारीची नोंद होणार नाही. विचार साधा होता. शिकारीत जनावरालाही निसटण्याची खरीखुरी संधी असली पाहिजे. धनुष्य हातात घेणारा माणूस आपण होऊन स्वतःवर मर्यादा घालून घेतो. बंदुकीने दोनशे पावलांवरून जे जमतं, त्यासाठी तो वीस-तीस पावलांपर्यंत जातो. आज खाचेत दिवा आला, तर उद्या बाणात माग दाखवणारं यंत्र येईल, परवा अंधारात दिसणारा चष्मा येईल. दार किलकिलं केलं की सगळं आत येतं, ही त्यांची भीती होती. ती खोटी म्हणता येत नाही.

पुढे २०१४ मध्ये सभासदांच्या मतानंतर क्लबने नियम बदलला. दिव्याची खाच चालेल, धनुष्यावर कॅमेराही चालेल. मात्र अट घातली की साधनाने सावजाच्या दिशेने उजेड टाकता कामा नये आणि अंतर मोजायला, नेम धरायला किंवा बाण सोडायला त्याची मदत होता कामा नये.

ही अट वाचली तेव्हा मला थेट ‘आईन-ए-अकबरी’ आठवली.

अकबराला न आवडलेली शिकार

अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन’ लिहिली. त्याच्या शेवटच्या वर्षांत तो दख्खनच्या मोहिमेवर होता. १६०० साली अहमदनगर पडलं तो हाच काळ. आपलं बीडही त्या वेळी निजामशाही मुलखातलं. ‘आईन’मध्ये शिकारीवर बरंच तपशिलाने लिहिलं आहे. चित्ते कसे पाळायचे, त्यांना काळविटावर कसं सोडायचं, पाळीव हरणाच्या शिंगांत फास अडकवून रानातलं हरीण कसं पकडायचं, सगळं आहे.

त्यात ‘घंटाहेडा’ नावाच्या शिकारीचं वर्णन येतं. रात्री एक माणूस ढाल किंवा टोपली हातात धरतो. तिच्या खोलगट भागात दिवा ठेवतो. उजेड पुढे पडतो आणि माणूस मागे अंधारात लपतो. मग तो घंट्या वाजवतो. दिव्याच्या आणि आवाजाच्या ओढीने जनावरं जवळ येतात. बाजूला दबा धरून बसलेले तिरंदाज त्यांना टिपतात. दुसरी रीत गाण्याची. वाद्यांनी किंवा गळ्यातल्या सुरांनी हरणाला भुलवायचं आणि ते जवळ आलं की मारायचं. हे सांगून झाल्यावर अबुल फजल लिहितो की बादशहाला या दोन्ही रीती फार दिवसांपासून नापसंत आहेत.

अकबर काही शिकारीचा विरोधक नव्हता. हजारो हाकारे लावून रान वेढायचं आणि जनावरांचे कळप मध्ये कोंडायचे, ती ‘कमरगा’ शिकार त्याने अनेकदा केली. १५७८ साली पंजाबात भेऱ्याजवळ अशीच प्रचंड कमरगा मांडलेली असताना त्याचं मन पालटलं आणि त्याने वेढलेली सगळी जनावरं सोडून द्यायला लावली, हेही नोंदलेलं आहे. त्याचा मुलगा जहांगीर शिकारीचा हिशोब ठेवायचा. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत स्वतःच्या हाताने १७,१६७ जनावरं मारल्याचा आकडा त्याने आत्मचरित्रात दिला आहे. म्हणजे या घराण्याला रक्ताचं वावडं नव्हतं. तरीही दिव्याने भुलवून मारणं अकबराला खटकलं. पाठलाग करून मारणं एक आणि विश्वासाने जवळ आलेल्याला मारणं दुसरं, एवढं त्याला कळत होतं. अमेरिकेच्या क्लबने सव्वाचारशे वर्षांनी ‘सावजाच्या दिशेने उजेड नको’ म्हटलं, त्याच्या मुळाशी हीच जाण आहे.

बाण सुटल्यानंतरचे हुकूम

आता शरीयतकडे येऊ. शिकारीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. बिस्मिल्लाह म्हटलं, बाण किंवा गोळी सोडली, जनावर मेलं, हलाल झालं, विषय संपला. हदीस आणि फिकहचे ग्रंथ उघडले तर दिसतं की खरा विषय बाण सुटल्यानंतर सुरू होतो.

हजरत अदी इब्न हातिम (रजि.) यांचं नाव इथे सगळ्यात आधी येतं. दानशूर हातिमताईच्या कथा उर्दूत आणि मराठीतही लोकांनी वाचल्या आहेत. अदी हे त्याच हातिमचे चिरंजीव. तय्यी कबिल्याचे, शिकारी माणूस. त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांना शिकारीबद्दल बारीकसारीक प्रश्न विचारले आणि ती उत्तरं बुखारी व मुस्लिमच्या संग्रहांत आली आहेत. त्यांचा सारांश असा. अल्लाहचं नाव घेऊन बाण सोडावा. बाण टोकाने लागला तर खावं. आडवा आदळून जनावर मेलं असेल तर खाऊ नये, कारण ते ठेचून मेलं. जनावर एक-दोन दिवसांनी सापडलं आणि त्याच्या अंगावर तुमच्या बाणाशिवाय दुसरी कसलीही खूण नसेल तर खाता येतं. पण ते पाण्यात पडलेलं सापडलं तर खाऊ नये, कारण ते बाणाने मेलं की बुडून, हे सांगता येत नाही.

यात वारंवार काय विचारलं जातंय? बाण तुझाच होता का, तो कसा लागला, मृत्यू त्यानेच झाला का. म्हणजे पुरावा. आणि पुरावा म्हणजे बाण. ज्याला आपला बाण सापडत नाही, ओळखता येत नाही, त्याच्यापाशी या प्रश्नांची उत्तरंच नाहीत.

हनफी फिकहमध्ये याच्याही पुढची पायरी आहे. बुरहानुद्दीन मर्गिनानी यांचा ‘हिदाया’ हा बाराव्या शतकातला ग्रंथ. हिंदुस्थानातल्या मदरशांत तो शतकानुशतकं शिकवला गेला. चार्ल्स हॅमिल्टनने त्याचं इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये प्रसिद्ध केलं आणि कंपनी सरकारच्या अदालतींत ते वापरलं गेलं. त्यात मसला असा दिला आहे. बाण लागलेलं जनावर बाणासकट पळालं आणि नजरेआड झालं. शिकारी सतत त्याच्या शोधात राहिला आणि शेवटी ते मेलेलं सापडलं, तर ते खाणं जायज. पण शिकारी शोध सोडून बसून राहिला आणि नंतर ते मेलेलं सापडलं, तर जायज नाही.

जनावर तेच, बाण तोच, बिस्मिल्लाहही तीच. फरक फक्त शोधाचा. मेहनत करून माग काढला तर घास हलाल. कंटाळून सोडून दिलं तर तोच घास हराम. जखमी जनावराला वाऱ्यावर सोडणाऱ्याला आपल्या फुकहांनी बक्षीस ठेवलेलं नाही.

याच्या जोडीला मुस्लिमच्या संग्रहातली हजरत शद्दाद इब्न औस (रजि.) यांची हदीस ठेवावी. प्रत्येक गोष्ट नीट आणि भल्या रीतीने करणं अल्लाहने बंधनकारक केलं आहे. जनावर कापायचं असेल तर सुरीला धार लावा, त्याला आराम द्या, असा तिचा आशय. या कसोटीवर खाचेतल्या दिव्याकडे पाहिलं तर तो सुरीच्या धारेच्या बाजूला बसतो. तो बाण सुटल्यावर लागतो, सावजाला भुलवत नाही आणि शोधाला मदत करतो.

अंधारातला आवाज

पण इथे थांबता येत नाही. कारण उजेड दोन्हीकडे ओढतो.

इहरामच्या अवस्थेत जमिनीवरच्या जनावरांची शिकार मना आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांचा प्रसंग हदीसमध्ये येतो. ते स्वतः इहराममध्ये नव्हते, सोबतचे होते. त्यांनी एक रानगाढव मारलं. ते खावं की नाही, अशी शंका सोबत्यांना आली. पैगंबर (स.) यांनी विचारलं ते असं की तुमच्यापैकी कुणी त्यांना सांगितलं होतं का, जनावराकडे बोट दाखवलं होतं का? नाही म्हटल्यावर खायची परवानगी मिळाली. म्हणजे सावज दाखवून देणं हासुद्धा शिकारीतला सहभाग. जो उजेड सावज दाखवतो, तो शिकारीत सामील आहे. जो उजेड फक्त बाण दाखवतो, त्याचं काम वेगळं.

‘हिदाया’त अंधाराचाही मसला आहे. कुणी झुडपात काही हालचाल ऐकली, शिकार आहे असं समजून बाण सोडला आणि तो एका शिकारीच्या जनावराला लागला. नंतर कळलं की ऐकलेला आवाज माणसाचा किंवा पाळीव जनावराचा होता. तर ती शिकार हलाल होत नाही. बाण योगायोगाने योग्य जागी लागला असला तरी.

हा मसला वाचताना मराठी माणसाला श्रावणबाळ आठवल्याशिवाय राहत नाही. दशरथ शब्दवेधी बाण मारण्यात निष्णात. रात्री शरयूच्या काठी घडा भरल्याचा आवाज येतो. त्याला वाटतं, हत्ती पाणी पितोय. बाण सुटतो आणि आंधळ्या आईबापांचा आधार जातो. नेम अचूक होता, चूक ओळखीत होती. पुढे दशरथ बाणामागे जातो, मरणाऱ्या पोराजवळ बसतो, त्याच्या आईबापांना जाऊन तोंडाने सांगतो. शाप घेतो, पण पळून जात नाही. मध्य आशियातल्या फकीहाला आणि आपल्याकडच्या कथाकाराला एकाच गोष्टीची भीती वाटत होती. न पाहता सुटलेला बाण.

दिव्याच्या खाचेचा खरा धोका इथे आहे. बाण अंधारातही सापडणार, ही खात्री झाली की माणूस थोडा उशिरापर्यंत बसतो. नीट दिसत नसताना बाण सोडतो. नंतर बघू म्हणतो. म्हणजे सुटल्यानंतरच्या सोयीसाठी लावलेला दिवा सुटण्याआधीच्या निर्णयात शिरतो. यंत्रात दोष नसतो, पण यंत्र आहे म्हणून आपली नीयत सैल होते. जुन्या नियमाच्या बाजूच्या शिकाऱ्यांना हेच म्हणायचं होतं आणि त्यांचं हे म्हणणं मला पटतं.

म्हणून माझं मत असं. जिथे धनुष्याची शिकार कायदेशीर आहे, तिथे दिव्याची खाच वापरायला हरकत नसावी, उलट ती असलेली बरी. पण वेळेची मर्यादा जराही वाढता कामा नये आणि जे डोळ्याला स्वच्छ दिसत नाही त्यावर बाण सुटता कामा नये. खेळाच्या मैदानावर मात्र ती नकोच. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या स्पर्धांत दिव्याच्या खाचेला बंदी आहे. तिथे रक्त नाही, जखमी जीव नाही, शोधायचं काही नाही. साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेते झाले ते साध्या खाचेच्या बाणांनी. पोरांना धनुष्याचं वेड लागायचंच असेल तर ते असं लागावं.

दख्खनमधला उजेड

आपल्याकडे शिकारीतला उजेड कोणत्या वाटेने गेला, तेही पाहायला हवं. विसाव्या शतकात मोटार आली, तिच्या पुढचे दिवे आले, मग जीप आणि सर्चलाइट. डोळ्यांवर झोत पडला की हरीण जागच्या जागी खिळतं. अबुल फजलच्या ढालीतला दिवा आता शंभरपट तेज झाला होता आणि त्याला नापसंत म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. देशातले ते शेवटचे नोंदलेले चित्ते मानले जातात. १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. दख्खनच्या माळावर काळविटामागे चित्ता धावायचा, ते आता फक्त जुन्या चित्रांत दिसतं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा परवान्याची शिकार अजून चालू होती. त्या कायद्याच्या कलम १७ मध्ये रीतींवर बंधनं होती. वाहनातून शिकार नाही, सूर्यास्तानंतर नाही, पाणवठ्यावर नाही, फास आणि विष नाही. शिकारीसाठी कृत्रिम उजेडही नाही. त्याला एकच अपवाद होता, मारलेल्या भक्ष्यावर येणाऱ्या मांसाहारी श्वापदाचा, तोही खास परवानगीने. जिम कॉर्बेटने १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या बंदुकीला बॅटरी बांधूनच मारला होता. त्या बिबट्याच्या नावावर १२५ माणसं होती. माणसाचा जीव वाचवायला लावलेला दिवा वेगळा, हे कायद्यालाही मान्य होतं. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारच बंद झाली आणि कलम १७ गळून पडलं. कायद्यातल्या ‘शस्त्रा’च्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव आजही आहे.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. इशीची विद्या पोपने घेतली, क्लब निघाला, नियम झाले, आणि इशीची जमात संपली. आपल्याकडे ‘पारध’ या शब्दावरूनच ज्यांचं नाव पडलं त्या पारध्यांना १८७१ पासूनच्या कायद्यांच्या छायेत जन्मजात गुन्हेगार ठरवलं गेलं. तो शिक्का कायद्याने पुसला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. लोकांच्या मनातून तो अजून पुसलेला नाही. फासात तितर धरणाऱ्याला चोर म्हटलं आणि जीपच्या दिव्यात कळपच्या कळप मारणाऱ्याला शौकीन. रानं रिकामी झाली ती फासेपारध्याच्या फासामुळे की साहेबांच्या सर्चलाइटमुळे, याचं उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

आपल्या हातातली बॅटरी

मांजरसुंब्याच्या चौकातून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की नायगावचं मयूर अभयारण्य लागतं. १९९४ मध्ये ते मोरांसाठी राखलं गेलं. आजूबाजूच्या शिवारात हरणं आहेत, ससे आहेत, रानडुकरं आहेत. रानडुकरांनी एका रात्रीत पीक झोपवलेल्या शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही. जागलीला जाणाऱ्या माणसाच्या हातात बॅटरी लागतेच. विंचूकाट्यासाठी, रात्रीच्या पाळीत मोटार चालू करायला, जनावर हुसकायला. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ नुसार वनखात्याकडे दाद मागण्याची वाटही कायद्याने ठेवली आहे.

पण त्याच बॅटरीचा झोत सशाच्या डोळ्यांवर टाकून मोटारसायकलवरून पाठलाग करणारी पोरंही आहेत. वर ‘शिकार हलाल आहे’ हे वाक्य तयार असतं. मी मुफ्ती नाही, शिक्षक आहे. पण एवढं सांगू शकतो की शरीयतमध्ये जनावर हलाल असणं आणि ते मारणं जायज असणं या दोन गोष्टी आहेत. मक्केच्या हरमच्या हद्दीत हरणाला हुसकावून उठवणंही मना आहे. हरीण तिथेही हलालच जनावर आहे. जागेने आणि वेळेने हुकूम बदलतो. अभयारण्य ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही.

सूरह माइदामध्ये इहरामच्या संदर्भात एक गोष्ट सांगितली आहे. शिकार इतकी जवळ येईल की हात आणि भाले सहज पोहोचतील, आणि ती परीक्षा असेल. न पाहता अल्लाहला कोण भितो, ते कळण्यासाठी. मला या आयतीतला ‘पोहोच’ हा मुद्दा आजच्या काळाचा वाटतो. प्रत्येक नवं साधन सावजाला आपल्या हाताच्या टप्प्यात आणून ठेवतं. बाण असो, जीप असो, दोन हजार रुपयांची बॅटरी असो. टप्प्यात आलं म्हणजे आपलं झालं, असं त्या आयतीत कुठेही म्हटलेलं नाही.

जागलीवरच्या पोरांनो, बॅटरी खुशाल न्या. तिच्या झोतात ससा खिळला तर झोत बाजूला करा आणि त्याला जाऊ द्या.